गाडीवरही आणि गडावरही : मोटारसायकलच्या बुटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहाटे घरून मोटारसायकलने निघायचे, पायथ्याच्या गावात गाडी लावायची, दिवसभर गड चढायचा-उतरायचा आणि दिवे लागायच्या सुमारास पुन्हा गाडीवरूनच परतायचे, असा बेत आखणाऱ्यांकडून बुटांविषयी ठरावीक प्रश्न सतत येत असतात. ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे सह्याद्रीतील वाटा, घाटरस्ते आणि आपला पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. शर्यतींचा विचार त्यांत नाही.

१. नेहमीचे स्पोर्ट्स शूज असताना गाडीसाठी वेगळे बूट कशाला हवेत?

गाडी आडवी होते तेव्हा बहुतेक वेळा पाय तिच्याखाली सापडतो. क्लासिक ३५० सारख्या गाडीचे वजन सुमारे १९५ किलो असते आणि ते फुटरेस्ट, इंजिन किंवा सायलेन्सरच्या कडेतून थेट घोट्यावर किंवा पावलावर येते. स्पोर्ट्स शूजचे जाळीदार कापड डांबरावर घासताच फाटते आणि त्याचा मऊ तळ दोन्ही बाजूंनी दाब आला की दुमडतो. त्याहून वाईट म्हणजे असा बूट अनेकदा पहिल्याच धक्क्यात पायातून निघून जातो आणि पुढचे सगळे उघड्या पायावर येते. यासाठी वेग फार असावा लागतो असेही नाही. घाटातल्या वळणावर खडीवरून चाक सरकले आणि गाडी जागच्या जागी कलंडली, तरी पावलाची हाडे मोडू शकतात.

२. चप्पल घालून गाडी चालवली तर दंड होतो, हे खरे आहे का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची सक्ती आहे, पादत्राणांविषयी त्यात काही म्हटलेले नाही. २०१९ साली दंडाच्या रकमा वाढल्या तेव्हा चप्पलेच्या दंडाची अफवा जोरात पसरली होती आणि अशी तरतूद नसल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला त्या वेळी जाहीरपणे सांगावे लागले होते. मात्र दंड नाही म्हणून चप्पल चालते, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

३. ट्रेकिंगचे उंच बूट घालूनच गाडी चालवली तर काय बिघडते?

सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच आहे आणि त्यामागचा विचार चुकीचा नाही. घोट्यावर येणारा, जाड चामड्याचा ट्रेकिंग बूट स्पोर्ट्स शूजपेक्षा निश्चितच बरा. पण तो ज्या धोक्यासाठी बनवलेला असतो तो धोका वेगळा आहे. दगडावर पाऊल वाकडे पडून पाय मुरगळू नये, एवढी काळजी ट्रेकिंग बूट घेतो. घोट्यावर बाहेरून बसणारा मार आणि तळव्याला आडवा चिरडणारा दाब त्याच्या हिशेबात नसतो. घोट्याभोवती हाताला लागते ती गादी नुसत्या स्पंजची असते, तिच्या आत कडक वाटी नसते. शिवाय तळाचे खोल खाचे फुटरेस्टच्या दात्यांत अडकतात, आणि सिग्नलला पाय खाली टेकायच्या नेमक्या क्षणी तो अडकला तर गाडी पडते. अ‍ॅक्शन या कंपनीचे ट्रेकिंग शूज कातळावरच्या पकडीसाठी आपल्याकडे नावाजलेले आहेत आणि ती कीर्ती रास्त आहे. पण गाडीवर घोट्याच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग नाही. दोन जोड बाळगण्याविषयी प्रश्न ७ पाहावा.

४. मग उलटे केले तर? मोटारसायकलचे बूट घालून गड चढता येतो का?

बूट कोणत्या जातीचा आहे यावर ते अवलंबून आहे. शर्यतीच्या बुटाचा तळ पातळ आणि गुळगुळीत असतो, त्यामुळे तो घालून साध्या पायऱ्या उतरणेही अवघड जाते. मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या मार्गावरच्या शर्यतीचा, बूट नडगीपर्यंत प्लास्टिकच्या कवचात बांधलेला असतो आणि घोटा पुढे वाकू देत नाही. चढावर मात्र प्रत्येक पावलाला घोटा पुढे वाकावाच लागतो. टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाचा, बूट सपाट वाटेवर चालतो, पण घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, त्याची पकड सुटते. राहतात दोन प्रकार. एक, नडगीच्या मध्यापर्यंत येणारा अ‍ॅडव्हेंचर बूट, आणि दुसरा, घोट्याच्या जेमतेम वर संपणारा रायडिंग शू. पहिला जास्त रक्षण करतो, दुसरा घालून चालणे जास्त सोपे जाते. सह्याद्रीतील एका दिवसाच्या भटकंतीसाठी माझा कल कमी उंचीच्या अ‍ॅडव्हेंचर बुटाकडे आहे. चालताना त्याचे वजन जाणवते, पण घोटा मोकळा राहतो आणि तळाला खाचेही असतात.

डोंगराचा बूट आणि गाडीचा बूट परस्परांना अगदी परके नाहीत, हे येथे सांगावेसे वाटते. उत्तर इटलीतील असोलो, माझेर आणि मोंतेबेल्लूना हा आल्प्सच्या पायथ्याचा परिसर मुळात गिर्यारोहणाचे बूट शिवणाऱ्यांचा. १९६० मध्ये सुरू झालेली सिदी आणि १९६३ मध्ये सुरू झालेली आल्पाइनस्टार्स या मोटारसायकलचे बूट बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांची सुरुवात डोंगरी बुटांपासून झाली. आल्पाइनस्टार्स हे नावसुद्धा आल्प्समधल्या एका फुलाच्या इटालियन नावावरून आले आहे. डोंगराचा बूट शिवणाऱ्या हातांनीच पुढे गाडीचा बूट घडवला. म्हणून दोन्ही गुण एका बुटात मागणे अवाजवी नाही, फक्त कोणता गुण किती हवा ते आपण ठरवायचे असते.

५. दुकानात बूट हातात घेतल्यावर नेमके काय तपासावे?

नाव आणि रंग बाजूला ठेवून आधी हातांना काम द्यावे. बूट आडवा धरून तळाच्या मधला, म्हणजे कमानीखालचा भाग दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबावा. तो आत येत असेल तर गाडीखाली सापडलेल्या पावलाला तो वाचवणार नाही. मग एका हाताने टाच आणि दुसऱ्या हाताने टोक धरून ओला टॉवेल पिळतो तसा पीळ द्यावा. चांगला बूट पिळाला ठाम विरोध करतो. यानंतर टोक वर दाबून पाहावे. येथे मात्र बूट वाकला पाहिजे, आणि तोही चवड्याच्या रेषेवरच, मधोमध नव्हे. जो बूट आडवा दबत नाही, पिळला जात नाही, पण चवड्यापाशी वाकतो, तोच गाडी आणि वाट या दोन्हींना पुरतो. माझ्या मते संपूर्ण निवडीतली सर्वांत महत्त्वाची कसोटी ही आहे. चवड्यातही न वाकणारा बूट गाडीवर उत्तम वाटेल, पण चढावर टाच सोलून काढील.

टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबून तो कडक आहे ना, हे पाहावे. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना कडक वाटी आहे का, ते चाचपावे. पुष्कळ स्वस्त बुटांत ती बाहेरच्याच बाजूला असते. बाहेरच्या अंगाची शिवण दुहेरी-तिहेरी असावी. शेवटी बूट घालून पूर्ण बांधावा आणि कोणाला तरी टाचेला धरून ओढायला सांगावे. बांधलेला बूट असा निघत असेल तर रस्त्यावरही निघेल.

६. बुटाच्या आत मोटारसायकलचे चित्र आणि त्याखाली २, १, २, २ असे आकडे असतात. ते कसे वाचायचे?

ही ईएन १३६३४ या युरोपीय मानकाची खूण आहे. पहिला आकडा बुटाची उंची सांगतो : १ म्हणजे ठेंगणा, २ म्हणजे उंच. दुसरा आकडा घासले जाण्याला, तिसरा धारदार वस्तूने कापले जाण्याला आणि चौथा तळ आडवा चिरडला जाण्याला बूट किती टिकतो ते सांगतो. या तिन्हींत १ म्हणजे किमान पातळी आणि २ म्हणजे वरची पातळी. ज्याला चालायचेही आहे त्याने पहिल्या आकड्यात १ आला तरी वाईट वाटून घेऊ नये, पण चौथ्या आकड्याशी सहसा तडजोड करू नये.

आकड्यांच्या जोडीला काही अक्षरे असू शकतात. आयपीए असेल तर घोट्याच्या संरक्षणाची, आयपीएस असेल तर नडगीच्या संरक्षणाची आणि डब्ल्यूआर असेल तर पाणी अडवण्याची चाचणी झालेली असते. या चाचण्या ऐच्छिक आहेत. त्यामुळे आयपीए नसलेल्या बुटातही घोट्याला वाटी असू शकते, पण मग तिची परीक्षा आपल्यालाच प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे करावी लागते. नुसते सीई (युरोपीय नियमांची पूर्तता दाखवणारी सर्वसाधारण खूण) लिहिलेले आहे आणि गाडीचे चित्र किंवा आकडे कोठेच नाहीत, असा बूट मोटारसायकलचा म्हणून प्रमाणित समजू नये.

७. एकाच जोडात भागवावे की गाडीचे बूट वेगळे आणि चालण्याचे वेगळे ठेवावेत?

चालणे किती तासांचे आहे आणि हात टेकावे लागतात का, या दोन गोष्टींवर मी हे ठरवतो. येऊन-जाऊन दोन-अडीच तासांची, मळलेली वाट असेल तर एक जोड पुरे. लोणावळ्याजवळचा लोहगड पायऱ्यांनी चढायचा असेल तर बूट बदलण्याचे काहीच कारण नाही. गुंजवण्यातून राजगड किंवा वेल्ह्यातून तोरणा करायचा असेल तर चांगल्या अ‍ॅडव्हेंचर बुटात जमते, पण परतीच्या उतारावर गुडघे आणि बोटे तक्रार करतात; १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई बारी गावातून चढतानाही हाच अनुभव येतो. हरिश्चंद्रगड पाचनईकडून करणाऱ्याने वाटल्यास एक जोड ठेवावा, मात्र बेलपाड्याहून नळीच्या वाटेने जाणाऱ्याने गाडीचे बूट घालून पाऊलसुद्धा टाकू नये. तेथे बोटांच्या टोकाखाली दगडाची कड जाणवावी लागते आणि गाडीच्या बुटातून ती कधीच जाणवत नाही.

दोन जोड न्यायचे ठरवले तर हलके ट्रेकिंग शूज मागच्या पिशवीत सहज मावतात. उतरवलेले गाडीचे बूट गाडीला टांगून ठेवू नयेत. पायथ्याच्या गावात ज्या घरी चहा-पोहे घेतो किंवा परतल्यावर जेवणार असतो, तेथे विचारून ओसरीत ठेवता येतात. बुटांची तोंडे कापडाने बांधावीत, आणि परतल्यावर ते उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालू नये, कारण विंचू अशीच जागा शोधतो.

८. माप कसे ठरवावे? दुकानदार एक नंबर मोठा घ्यायला सांगतात.

सरसकट एक नंबर मोठा घेणे ही चूक आहे. ब्रिटिश पद्धतीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या ७-८-९ मध्ये, एका पूर्ण नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. युरोपीय ४१-४२-४३ मध्ये तो पावणेसात मिलिमीटरच्या जवळ येतो. शिवाय एका कंपनीचा ८ नंबर ४२ ला जुळतो तर दुसरीचा ४२.५ ला. म्हणून पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये माहीत असणे हाच खात्रीचा मार्ग आहे. दिवसभर वावरल्यावर पाऊल थोडे फुगते, त्यामुळे माप संध्याकाळी घ्यावे. जमिनीवर कागद ठेवून, पूर्ण वजन टाकून उभे राहून दोन्ही पावले आखावीत आणि मोठे पाऊल प्रमाण मानावे.

घालून पाहताना प्रवासात वापरणार तेच मोजे हवेत. उभे राहिल्यावर अंगठ्यापुढे सुमारे एक बोट जागा असावी. मग जिन्यावरून किंवा उतारावरून पाय आपटत खाली यावे. बोटे पुढे टेकत असतील तर गड उतरताना नखे काळी पडणार हे नक्की. चढताना टाच किंचित उचलली गेली तर चालते, पण ती घासत वर-खाली होता कामा नये.

आपल्याकडे चवड्याला रुंद पाऊल असलेले बरेच जण आहेत आणि पुष्कळ आयात बुटांचा साचा अरुंद असतो. रुंदीसाठी लांबी वाढवली तर बूट वाकण्याची रेषा चवड्याच्या पुढे सरकते आणि प्रश्न ५ मधली कसोटी निरर्थक ठरते. अशा वेळी दुसऱ्या साच्याचा बूट शोधावा.

९. पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ बूट घ्यावेत का?

येथे माझे मत अनेकांपेक्षा वेगळे आहे. आतून पडदा लावलेला बूट बाहेरचे पाणी अडवतो हे खरे, पण जुलैमध्ये ताम्हिणीत किंवा माळशेजमध्ये पाणी बुटाच्या अंगातून येत नाही. ते विजारीवरून ओघळत तोंडातून आत शिरते किंवा ओढा ओलांडताना वरून भरते. एकदा आत गेलेले पाणी तोच पडदा बाहेर जाऊ देत नाही आणि असा बूट वाळायला दोन-तीन दिवस लागतात. ज्यांना वाटेत पाण्यातून चालायचेच आहे त्यांनी बिनपडद्याचा, पाणी निथळू देणारा बूट, लोकरीचे मोजे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कोरड्या मोज्यांचा जोड, अशी व्यवस्था ठेवावी. सुती मोजे टाळावेत; ते पाणी धरून ठेवतात आणि फोड आणतात.

मुंबई–गोवा महामार्गाने सलग आठ-दहा तास पावसात जायचे असेल तर वॉटरप्रूफ बूट सुखाचा, मात्र रेनपँट बुटाच्या बाहेरून खाली आलेली असावी, आत खोचलेली नव्हे. बुटावर चढवायची प्लास्टिकची आवरणे मी कोणालाही सुचवत नाही, कारण ती ओल्या फुटरेस्टवर आणि पाय टेकताना निसरडी ठरतात.

१०. ओल्या कातळावर न घसरणारा तळ कोणता?

शेवाळलेल्या कातळावर भरवशाचा असा कोणताच तळ नाही. नुसत्या ओल्या कातळावर मात्र रबर किती मऊ आहे, यावर बरेच ठरते. नखाने दाबल्यावर किंचित दबणारे रबर दगडाला धरते, पण लवकर झिजते. गाडीच्या बुटांचे रबर बहुधा कडक असते, कारण त्याला फुटरेस्ट, उष्णता आणि तेल सोसायचे असते. मातीच्या घसाऱ्यावर रबरापेक्षा खाचे आणि टाचेची उभी कड महत्त्वाची ठरते. ही कड अजिबात नसलेला सपाट तळ उतारावर पाय रोवू देत नाही.

डोंगरी तळाचा इतिहासही एका अपघातातून सुरू होतो. १९३५ मध्ये इटालियन आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक दगावले, त्या मोहिमेतल्या विताले ब्रामानी यांनी त्यानंतर रबरी खाचांचा तळ तयार केला आणि १९३७ मध्ये तो बाजारात आला. असे तळ बनवणाऱ्या विब्रम कंपनीचे नाव त्यांच्याच नावावरून पडले आहे.

११. कारखान्यातले सेफ्टी शूज किंवा लष्करी पद्धतीचे बूट चालतील का?

सेफ्टी शूजवर आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा क्रमांक लिहिलेला असतो. त्याच्या दुसऱ्या भागानुसार बुटाच्या टोकातली टोपी २०० जूलचा आघात सोसते, पण ही परीक्षा वरून पडणाऱ्या वस्तूची आहे. त्यात घोट्याला वाटी नसते, शिवाय टोपीमुळे टोक इतके जाड होते की ते गिअरच्या दांडीखाली नीट जात नाही. उंच, चामडी, लष्करी पद्धतीचा बूट त्यापेक्षा बरा. घासण्यापासून तो चांगला वाचवतो आणि तो घालून चालताही येते, घोट्याचा मार मात्र तो अडवत नाही. पैसे साठेपर्यंतची सोय म्हणून दोन्ही वापरावेत. गमबूट पडताना पायातून निघतो, त्यामुळे तो गाडीवर नको.

१२. नवीन बूट घातल्यापासून गिअर नीट पडत नाही. बूट बदलावा का?

आधी दांडी बदलून पाहावी. जाड टोकाच्या बुटासाठी गिअरची दांडी खाचांच्या दांड्यावरून काढून एक खाच वर बसवता येते. मेकॅनिकचे पाच मिनिटांचे काम आहे. मागच्या ब्रेकचे पेडलही त्याच वेळी तपासून घ्यावे, कारण जाड तळामुळे ब्रेक नकळत दाबला जाऊ शकतो. टाचेनेही गिअर टाकता येणारी दुहेरी दांडी असलेल्या गाड्यांवर जाड बुटाचा त्रास वेगळा होतो : पुढची आणि मागची दांडी यांच्यामध्ये पाऊलच मावत नाही. मोठ्या पावलाच्या काही जणांनी मागचा भाग काढून एकेरी दांडी बसवून घेतली आहे, आणि तो उपाय योग्य आहे.

१३. लेस बरी, चेन बरी की बकल?

चालण्यासाठी लेस सर्वोत्तम, कारण चढताना ती वर सैल आणि उतरताना घट्ट करता येते. गाडीवर मात्र तिचा सुटा फास गिअरच्या दांडीत किंवा फुटरेस्टमध्ये अडकतो. त्यामुळे लेस असेल तर तिची टोके झाकणारी पट्टी हवीच. चेन बुटाच्या आतल्या अंगाला असावी. पडताना बाहेरचे अंग घासते. चिखलात वेल्क्रो लवकर निकामी होते. बकल टिकतात, पण त्यांची पट्टी बदलून मिळते का, हे खरेदीच्या वेळीच विचारावे.

१४. चार वर्षे कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचा तळ पहिल्याच दिवशी तुकडे होऊन पडला. असे का झाले?

अनेक बुटांत तळाच्या मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील दमटपणामुळे हा पदार्थ हळूहळू विघटित होतो आणि बूट वापरला नाही तरी तो आतून ठिसूळ होत जातो. कोकणात आणि मुंबईत ही क्रिया वेगाने होते, आणि हवाबंद पिशवीत ओल कोंडली तर आणखीच. म्हणून बूट हवेशीर जागी ठेवावा व अधूनमधून वापरावा. बराच काळ पडून राहिलेला जोड मोठ्या सहलीला नेण्यापूर्वी मधला थर अंगठ्याने दाबून पाहावा. भेगा दिसल्या किंवा भुगा निघाला तर तो जोड नेऊ नये. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या साठ्यातल्या बुटांनाही हेच लागू आहे.

भिजलेला बूट गॅसजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये, चामडे तडकते. आतले सोल काढावेत, वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि ते दर काही तासांनी बदलावेत. बुरशी आलीच तर कोरड्या कापडाने पुसून, पूर्ण वाळवून मग मेण लावावे.

१५. मधुमेह आहे किंवा घोटा पूर्वी मोडलेला आहे. काही वेगळे पाहावे लागते का?

होय. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर बूट चावत असल्याचे कळतच नाही आणि साधा फोड चिघळतो. अशा व्यक्तीने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आतली प्रत्येक शिवण बोटाने चाचपावी आणि दर थांब्यावर मोजे काढून पाय पाहावा. घोट्यात पट्टी किंवा स्क्रू असतील तर आतली कडक वाटी नेमकी त्यावर टेकत नाही ना, हे बूट घालून किमान अर्धा तास चालल्यावरच कळते. डॉक्टरांनी दिलेला सोल वापरणाऱ्यांनी मूळ सोल निघतो का ते पाहावे आणि मापही तो बसवूनच घ्यावे.

१६. गडावर पाय मुरगळला तर बूट काढावा का, आणि परत गाडी चालवावी का?

चालत खाली उतरायचेच असेल आणि बोटांना बधिरपणा किंवा थंडपणा नसेल, तर बूट पायातच राहू द्यावा, फक्त लेस थोडी सैल करावी. एकदा काढला की सूज वाढते आणि तो पुन्हा चढत नाही. बोटे बधिर होत असतील, निळी पडत असतील किंवा रक्त येत असेल तर मात्र बूट काढलाच पाहिजे. खाली पोहोचल्यावर गाडी उभी असतानाच परीक्षा घ्यावी : डावा पाय असेल तर गिअर वर-खाली करून पाहावा आणि त्या पायावर गाडी तोलून धरता येते का ते पाहावे, उजवा असेल तर मागचा ब्रेक पूर्ण जोराने दाबून पाहावा. वेदनेमुळे यांतले एकही जमत नसेल तर गाडी त्याच गावात ठेवावी आणि एसटीने किंवा सोबत्याच्या मागे बसून परतावे.